कुंदाबाईंची पाठ आणि माझ्या सात वह्या

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार : मी ग्रामपंचायतीस अर्ज दिला. त्याच आठवड्यातील गुरुवार : ग्रामपंचायतीने त्यावर कार्यवाही केली. त्यानंतर पंधरवडा उलटून आलेला मंगळवार : कुंदाबाईंनी मला पाठ दाखवली. जबाबदार व्यक्ती : एक, सरपंच, दोन, ग्रामसेवक, तीन, अर्जदार, म्हणजे मी.

शेवटच्या तारखेचे गांभीर्य समजण्यासाठी हे सांगणे प्राप्त आहे की कुंदाबाई कोणालाही पाठ दाखवत नाहीत. उमेदीची सारी वर्षे त्यांनी मुंबईत नाटक-सिनेमात काढली आणि मग त्या रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या गावात, माझ्या कुंपणाला लागून राहायला आल्या. “प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही,” हा त्यांचा नियम. पोस्टातून निघतानाही त्या मंद हसत, उलट्या पावलांनी दारापर्यंत जातात. दाराशी उभ्या केलेल्या सायकली पाडल्याबद्दल मी त्यांना दोनदा लेखी समज दिली आहे.

सिनेमात त्या नायकाची आई होत. ही आई बहुधा मध्यंतरापूर्वी मरे. “पुढे पुढे मरायलाही बोलवेनात हो,” त्या सांगतात. “म्हणाले, ताई, नुसता फोटो पाठवा, हार आम्ही घालू!” रंगभूमीवर मात्र त्यांची एक भूमिका गाजली : नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेली स्त्री. ते तीन अंकी नाटक त्या रोज दुपारी साडेतीनला मागच्या अंगणात, एकट्या, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या किंकाळीपर्यंत करीत.

साडेतीन ही माझ्या वामकुक्षीची वेळ. मी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. पुराव्याविना तक्रार करणे माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी उशाशी वही ठेवली आणि दिनांक, वेळ व उच्चारलेले वाक्य अशा नोंदी सुरू केल्या. नऊ वर्षांत सात वह्या भरल्या. तिसऱ्या अंकात तर बाई आरोपी असून शपथ घेतात! आरोपी स्वखुशीने साक्षीदार झाल्याखेरीज त्याला शपथ देता येत नाही, हे मी कुंपणावरून त्यांच्या निदर्शनास आणले.

“अहो शिरस्तेदार,” त्या म्हणाल्या, “त्या शपथेला टाळी आहे. तुमच्या कायद्याला कधी कोणी टाळी दिली का?”

या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी तो सोमवारचा अर्ज लिहिला. गटार, विझलेले दिवे, मोकाट गुरे यांवरील माझ्या अर्जांवर आजवर कोणी चहाचा कपही ठेवलेला नाही. हा अर्ज तीन दिवसांत निकाली निघाला. ग्रामसेवक स्वतः बाईंच्या घरी जाऊन, अंगणातले नाटक बंद करा, असे सांगून आले. अंगण गप्प झाले.

आणि माझी झोप उडाली. बरोबर साडेतीनला डोळे उघडत आणि पहिल्या वाक्याची वाट पाहत. शेजारच्या खळ्यात मासळी सुकवणारी मंजुळा रोज विचारी, “काय तात्या, लागली का झोप? बायचे किंकालीनं कावलं पलायची. आता माजी सुकट कोन राखील, तुमी? या, बसा, किंचाला!”

मंगळवारी कुंदाबाई कुंपणाशी आल्या. “एक विचारू? न्यायाधीश नाव विचारतात, मी नाव सांगते. पुढे काय हो?”

“हे तुम्ही मला विचारता?” मी म्हणालो.

“रोज म्हणत होते, म्हणून होतं. पंधरा दिवस थांबले आणि तिसरा अंक गेला. नाटकाची वही वाळवीनं नेली, लेखक देवाघरी. माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं हो.”

यावर मी जे बोललो, तेही नोंदवणे भाग आहे. मी म्हणालो, “आपण या निर्णयाविरुद्ध वरिष्ठांकडे दाद मागू शकता.”

त्या हसल्या. मग चारचौघांसारख्या वळल्या आणि आत गेल्या. त्यांच्या पाठीला बरेच पोक आले होते. नऊ वर्षांत समोरून ते कधी दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी कुंपणाशी स्टूल मांडले आणि पाचवी वही उघडली.

“नाव सांगितल्यावर शपथ आहे,” मी मोठ्याने म्हणालो. “‘ईश्वराला स्मरून खरे सांगेन.’”

दार किलकिले झाले. “तुमची हरकत होती ना?”

“हरकत नोंदवून ठेवली आहे. पुढे चला.”

त्या पुढे गेल्या. जिथे अडल्या, तिथे मी वाक्य दिले. ते कायद्याने चुकीचे न्यायालयीन कामकाज मी जसेच्या तसे वाचले. शेवटी किंकाळी झाली, कावळे उडाले आणि खळ्यातून मंजुळा ओरडली, “आली गो माजी बाय!” कुंदाबाई वाकल्या आणि उलट्या पावलांनी, पाण्याची बादली लवंडून, घरात गेल्या.

सबब, सरपंच व ग्रामसेवक यांना माझा जाहीर सवाल : माझे सर्व अर्ज धूळ खात असताना नेमका हाच तुम्ही का वाचलात? उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, अथवा कोणत्याही दुपारी साडेतीनला माझ्या कुंपणाशी समक्ष येऊन द्यावे. येताना खुर्ची आणावी आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत. सध्या प्रेक्षक मी एकटाच आहे, आणि वही धरावी लागत असल्याने मला टाळी वाजवता येत नाही.