उलटीची हमी

डोळ्यांपुढे आभासी जग उभं करणारा हेडसेट नाताळापूर्वी बाजारात आला, तर मार्नी ट्रेगेन्झाला तीन गोष्टी मिळणार होत्या: कंपनीत दीड टक्का हिस्सा, खिडकीलगतचं टेबल आणि वडिलांसाठी समुद्र. पहिल्या दोन गोष्टी पोर्ट ॲडलेडच्या त्या कंपनीने लेखी दिल्या होत्या. तिसरी फक्त मार्नीला ठाऊक होती. पोर्ट लिंकनला राहणाऱ्या तिच्या वडिलांनी, जॅगोंनी, चाळीस वर्षं मासेमारी केली, मग खुब्याचा सांधा बदलला आणि बोट विकली. आता डोळ्यांवर हेडसेट चढवून का होईना, स्पेन्सरच्या आखातात पुन्हा एकदा जावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मार्नी फुकट देत होती, पण त्यांनी रीतसर पैसे भरून आगाऊ नोंदणी केली. "फुकटच्या वस्तूबद्दल तक्रार करता येत नाही, पोरी," ते म्हणाले.

अडचण एकच होती. हेडसेट घातला की साधारण अकराव्या मिनिटाला माणसाला उलटी होत असे.

कंपनीचा मालक ड्यूगल प्रिन याने त्यावर बैठक बोलावली. दोष कसा झाकावा यावर बराच ऊहापोह चालला असताना मार्नी चहा ओतता ओतता बोलून गेली, "लोकांना सरळ सांगून टाकू या ना." सहज बोललेल्या वाक्याची कंपन्यांत फार लवकर अंमलबजावणी होते. संध्याकाळपर्यंत मोकळेपणा विभाग स्थापन झाला आणि मार्नी त्याची प्रमुख झाली. हेडसेटच्या भिंगांचं तिचं मूळ काम तिने उरलेल्या वेळात करायचं होतं.

गुरुवारी ग्राहकांना पहिलं पत्र गेलं. "आमचा हेडसेट घातल्यावर उलटी होते. का होते, ते आम्हाला कळलेलं नाही." आता नोंदण्या धडाधड रद्द होणार, म्हणून ड्यूगलने बँकेच्या माणसाला जेवायला नेलं होतं. ते जेवण वाया गेलं. सोमवारपर्यंत नोंदण्या दुप्पट झाल्या. अखेर कुणीतरी खरं बोललं, असं लोकांनी एकमेकांना कळवलं. ब्रिस्बेनच्या एका बाईंनी दोन नग मागवले, दुसरा नवऱ्यासाठी.

मग दर गुरुवारी एक दोष जाहीर होऊ लागला. पट्ट्याचा वळ कपाळावर उठतो. बॅटरी तापते. डावीकडे पाहिलं की उजवीकडचं झाड नाहीसं होतं. प्रत्येक कबुलीमागे नोंदण्या वाढत गेल्या. ऑक्टोबरात दोष संपत आले, तेव्हा दोष-पुरवठा समिती नेमावी लागली. प्रत्येक अभियंत्याने मंगळवारपर्यंत कबूल करण्याजोगा एक दोष जमा करावा, असा नियम झाला. जाहीर होण्याआधीच दोष दुरुस्त केल्याबद्दल एकाला ताकीद मिळाली. पुन्हा असं होणार नाही, असं त्याने लिहून दिलं. कंपनीने हेडसेटच्याच रंगाची एक बादलीही काढली. तिचे पैसे वेगळे. खोक्यावर ब्रीदवाक्य छापलं गेलं: मन मोकळं, पोट मोकळं.

नेमकं अशा वेळी मार्नीला उलटीचं कारण सापडलं. मान वळवली की चित्र किंचित मागे राहत होतं. तिने ते दुरुस्त केलं, तासभर हेडसेट घालून बसली, त्यावर 'मीट पाय' नावाची खिम्याची एक कचोरी खाऊन पाहिली आणि ड्यूगलकडे गेली.

"आता उलटी होत नाही."

ड्यूगलचा चेहरा उतरला. "कुणाकुणाला सांगितलंस?"

"अजून कुणाला नाही."

"बरं केलंस. बस. उलटी होते असं आपण किती लोकांना लेखी कळवलंय?"

"सत्तर हजार."

"आणि त्यांना झाली नाही तर?"

"खूश होतील, ड्यूगल."

"आपण थापा मारल्या म्हणतील. शिवाय चाळीस हजार बादल्या बंदरात येऊन पडल्यात. त्यांत काय मी टोमॅटो लावू?"

वकिलाला बोलावण्यात आलं. त्याने चष्मा पुसत सांगितलं, "कायदा साफ आहे. माल वर्णनाप्रमाणे हवा. वर्णनात उलटी आहे."

"पण तो दोष आहे," मार्नी म्हणाली.

"होता. आता ते आश्वासन आहे."

दुरुस्ती कुलूपबंद कपाटात गेली. मोकळेपणाचं धोरण आल्यापासून कंपनीतली ही पहिली गोपनीय गोष्ट. त्यानंतर मार्नीच्या हातून एकच अप्रामाणिकपणा घडला. वडिलांच्या नावाचा नग तिने उघडला, चांगला केला आणि पाठवून दिला.

डिसेंबरात हेडसेट घरोघरी पोचला आणि देशभर उलट्या झाल्या. लोक समाधानी होते. "सांगितलं तस्संच झालं. बादली उत्तम," असं पर्थच्या एका गृहस्थाने लिहिलं. तक्रार एकच आली. ती पोर्ट लिंकनहून होती. मार्नीने तातडीने फोन लावला.

"बाबा, काय झालं?"

"काही झालं नाही. तेच तर लिहिलंय."

"समुद्र दिसला का?"

"दिसला की. अख्खी सकाळ बाहेर होतो. पाणी अगदी तसंच गं, सकाळी असतं तसं. सुकाणूला हात लावायला गेलो, तर हाताला सोफा लागला. तेवढं सोड."

"मग तक्रार कसली?"

"शेजारचा मर्व्ह दोनदा ओकला. क्लबात जो तो आपापलं सांगतोय, आणि मी बसलोय बिअर धरून मुका. मर्व्ह म्हणतो, तुझा माल नकली."

"चाळीस वर्षांत बोटीवर तुम्ही एकदाही ओकला नाहीत."

"म्हणून तर उत्सुकता होती."

"बाबा, तक्रार मागे घ्या. माझ्यासाठी."

"पैसे भरलेत मी, पोरी," जॅगो म्हणाले. पैसे भरलेल्याला तक्रार करता येते, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

चौकशी झाली. नग उघडला, तर आतून तो दुरुस्त निघाला. त्या गुरुवारच्या पत्रात लिहिलं होतं: "कळवण्यास लाज वाटते की, आमच्या एका कर्मचाऱ्याने ग्राहकाला अंधारात ठेवून एक नग चांगला केला." नोंदण्या पुन्हा दुप्पट झाल्या.

शेवटी हिशोब असा लागला. मार्नीचा दीड टक्का कंपनीत जमा झाला आणि खिडकीलगतचं टेबल वकिलाला मिळालं. जॅगोंना वर्णनाबरहुकूम नवा नग मिळाला. ते आता रोज दहा मिनिटं समुद्रावर जातात, अकराव्याला परत येतात, आणि क्लबात सांगण्यासारखं त्यांच्याकडेही काहीतरी असतं. ड्यूगलला काही भरावं लागलं नाही. बाकी सगळं ग्राहकांनी भरलं, हसतमुखाने. आणि हे वाचताना 'निदान ती कंपनी खरं तरी बोलली' असं ज्यांच्या मनात येऊन गेलं असेल, त्यांच्यासाठी दुसऱ्या खेपेची नोंदणी सुरू आहे. बादलीचे पैसे वेगळे.