शिंगोजीरावांचं शेपूट

बाळांनो, एका जंगलात नेटवर्क उत्तम होतं, फक्त दोघांचे पाय अधू होते. एक शिंगोजीराव सांबर. नाल्यात घसरून त्यांचा मागचा पाय मोडला होता. दुसरा वाघ. त्याचा पंजा मुरगळला होता. वाघ लंगडत होता, म्हणून जंगल सुखात होतं.

हाडं बसवणाऱ्या अस्वलबाईंनी दोघांनाही एकेक मोबाइल दिला. तो दुखऱ्या पायाला बांधायचा आणि घरच्या घरी पाय हलवायचा. दर हालचालीला मोबाइल आकडा वाढवी आणि "शाब्बास" म्हणे.

"वाघ बरा व्हायच्या आत तुम्हाला पळता आलं पाहिजे," बाईंनी शिंगोजीरावांना बजावलं. "मग तुमचं तुम्ही बघा."

पहिल्याच दिवशी शिंगोजीरावांनी चारदा पाय उचलला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाचव्यांदा हिंमत होईना. इतक्यात माश्या आल्या, शेपूट हललं आणि रावांचं डोकं चाललं. बायको नको नको म्हणत असताना त्यांनी तिच्याकडूनच मोबाइल शेपटाला बांधून घेतला.

माश्यांना काय तोटा? संध्याकाळपर्यंत आकडा हजारावर गेला.

आकडे रोज जंगलाच्या ग्रुपवर येत. शिंगोजीराव पहिले, वाघ शेवटचा. त्याचे जेमतेम वीस. तो मठ्ठ प्राणी मोबाइल पंजालाच बांधून, कण्हत कण्हत व्यायाम करी. शिंगोजीरावांना त्याची कीव येई. त्यांनी ग्रुपवर त्याला चिकाटीचं महत्त्वही समजावलं. वाघाने नम्रपणे हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

महिन्याभराने कळपाने रावांचा सत्कार केला. शाल आली, नारळ आला. फोटोपुरता मोबाइल शेपटावरून पायावर आला. भाषणं लांबली. आभारप्रदर्शन तेवढं राहिलं होतं, तेव्हा वाघ आला. तो लंगडत नव्हता.

कळप पांगला. "अहो, उठा, पळा," बायको लांबून म्हणाली.

शिंगोजीरावांनी पळायचं मनावर घेतलं. शेपूट जोरात हललं. पाय जागचा हलला नाही. बाळांनो, त्या क्षणी त्यांना भीती वाटलीच, पण त्याहून जास्त लाज वाटली.

वाघाने तोच पाय दातांत धरून ओढला.

"शाब्बास," मोबाइल म्हणाला. "आज पाय पहिल्यांदाच पूर्ण ताणला गेला."

तात्पर्य: व्यायामात लबाडी करायला काहीच हरकत नाही. फक्त आपल्या ग्रुपमध्ये प्रामाणिकपणे व्यायाम करणारं कोणी नाही ना, एवढं आधी पाहून घ्यावं.