एकतीस आठवड्यांचा खांब

धामणवेलच्या मंदाकिनी टॉकीजची बाल्कनी एका विक्रमावर उभी आहे. विक्रम एकतीस आठवड्यांचा आहे, उंची साडेचौदा फूट, आणि तो बाल्कनीच्या मध्याखाली, डोअरकीपर यासीनमामांच्या खोलीत उभा आहे.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी बैलाचा पिक्चर इथे सलग एकतीस आठवडे हाऊसफुल्ल चालला. त्याच सुमारास बाल्कनीचा मधला गर्डर वाकला. लोखंड परमिटवर मिळायचं आणि परमिट आलेलं नव्हतं, म्हणून कंत्राटदाराने तो विक्रम उचलून गर्डरखाली लावला. नगरपालिकेच्या दाखल्यात 'आधार' या रकान्यात तसं लिहिलेलं आहे. पुढे त्याच्याभोवती भिंती घालून डोअरकीपरला खोली करून दिली. यासीनमामा आणि जुबेदामामींचा संसार तिथेच झाला. मामी विक्रमाला खुंटी मारून त्यावर पिशव्या अडकवतात.

मी हे पाहिलं ते या वर्षी जानेवारीत. ग्लासगोहून बांधकामशास्त्र शिकून मी परत आले होते. माझी अशी पक्की समजूत होती, आणि आहे, की आपल्याकडे इमारती नशिबाने पडत नाहीत. कोणी वेळेवर मान वर करून बघितलं नाही म्हणून पडतात. नगरपालिकेने मला अकरा महिन्यांच्या करारावर जुन्या सार्वजनिक इमारती तपासायला नेमलं. यादीत टॉकीज सातवी होती.

विक्रम हे बांधकामाचं साहित्य म्हणून आम्हाला तिकडे शिकवलेलं नव्हतं. मी बारीक गिरमिटाने नमुना काढला. झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, आठवड्याला एक. सतरावं वलय बारीक होतं. तेव्हा परीक्षा होत्या, असं यासीनमामा म्हणाले. चोविसावं सगळ्यांत जाड आणि चिवट. त्या आठवड्यात आसपासच्या खेड्यांतल्या बायका दुसऱ्यांदा आल्या होत्या, आणि बैल मरणार हे माहीत असल्यामुळे सुरुवातीपासूनच रडत होत्या. मी अहवालात लिहिलं: आधार उत्तम स्थितीत. मोडला नाही तर आणखी शंभर वर्षे चालेल.

"ताई," यासीनमामा म्हणाले, "याच्या मागचा बघितला का?"

मागे दुसरा विक्रम उभा होता. तो नवीन होता, तेरा फूट वाढलेला, आणि चकचकीत. टॉकीजमध्ये तेव्हा 'महाविध्वंस' लागलेला होता आणि त्याचा अठ्ठाविसावा आठवडा संपत होता, सगळे खेळ हाऊसफुल्ल. मी बोटाच्या पेराने त्याच्यावर टकटक केलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"बसतंय कोण पिक्चरला?" मी विचारलं.

"पहिले चार आठवडे लोक होते. मग कोणीच नाही. बोर्ड मात्र रोज लावतो मी." मामांनी खिशातून न फाडलेल्या तिकिटांचा गठ्ठा काढला. "कंपनीच सगळी घेते. दाराशी माणूसच येत नाही, तर फाडू कोणाचं?"

इतर गावांत विक्रम मोडला म्हणजे नेमकं काय होतं ते मला माहीत नाही. आमच्याकडे तो मोडतो, वरपासून खालपर्यंत चिरत जातो, आणि वरचं वजन नव्या विक्रमावर येतं. मी गणित मांडलं. 'महाविध्वंस'चा बत्तिसाव्या आठवड्यातला पहिला खेळ शुक्रवारी दुपारी बारा वाजता होता. त्या खेळाला जुना विक्रम मोडणार होता, बाल्कनी नव्यावर बसणार होती, आणि नवा विक्रम चेपणार होता. त्याखाली मामींची चूल होती.

दुसऱ्या दिवशी मालक प्रल्हादशेठ अमृतकर यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. वितरक कंपनीचे प्रतिनिधी श्री. लाड मुद्दाम मुंबईहून आले होते.

"पिक्चर उतरवा," मी म्हणाले.

"उतरवून उपयोग नाही," शेठ म्हणाले. "बत्तिसाव्या आठवड्याची तिकिटं यांनी आधीच घेऊन ठेवलीत. विकलेला खेळ झाला असंच धरतात. पडद्यावर काही लावा, नाही तर पडदा काढून धुवायला टाका."

"तिकिटं परत घ्या."

लाडांनी हसून मान हलवली. "मॅडम, एकट्या धामणवेलचा प्रश्न नाही हा. पोस्टर छापून झालीत. शिवाय आम्ही गैर काय केलं? हाऊसफुल्ल म्हणजे सगळी तिकिटं विकली. माणसं आली पाहिजेत असं कुठे लिहिलंय?"

"विक्रमात लिहिलंय," मी म्हणाले, आणि नमुना टेबलावर ठेवला. नव्या विक्रमाची चोवीस वलयं कांद्याच्या सालीसारखी सुटी झाली. लाडांनी एक उचलून उजेडाकडे धरलं. त्यातून त्यांची बोटं दिसत होती.

"वजन आल्याबरोबर हा मोडेल," मी म्हणाले. "मग तुमच्याकडे कुठलाच विक्रम राहणार नाही. जुना मोडलेला आणि नवाही मोडलेला."

त्यांनी साल खाली ठेवली. "मग काय करायचं म्हणता?"

मुख्याधिकाऱ्यांकडे मी आधीच लोखंडी टेकू मागून आले होते. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी मला दाखला दाखवला. आधार विक्रमाचा आहे, लोखंडाचा नाही. आधार बदलायचा तर दाखला रद्द करावा लागेल, आणि दाखला नसलेल्या इमारतीला टेकू देण्याची तरतूद नाही. त्यांनी हे दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा त्यांना वाईट वाटलं.

राहता राहिला एकच मार्ग. सायकलची दांडी पोकळ असते, तरी ती माणसाला वाहते, कारण तिची बाहेरची भिंत भक्कम असते. नव्या विक्रमाची शेवटची तीन वलयं भरीव झाली असती, तर आतल्या पोकळीसकट त्याने भार घेतला असता. वलय भरीव होतं ते तिकीट फाटलं आणि माणूस पिक्चर संपेपर्यंत बसला तरच. सीटा पाचशे चाळीस, खेळ दिवसाला चार, दिवस एकवीस. गावातल्या प्रत्येकाने दीड वेळा 'महाविध्वंस' बघायला हवा होता.

"त्या सीटा विकलेल्या आहेत," लाड म्हणाले. "त्यात दुसरं कोणी बसलं तर ते अतिक्रमण होईल."

"तुमच्याच तिकिटांवर बसतील. मामा फाडतील."

लाडांनी मुंबईला फोन लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चालेल. फक्त फोटो काढू नका."

पहिल्या दिवशी मी वॉर्डावॉर्डात गेले. भाजीबाजारात, एसटी स्टँडवर, कन्याशाळेच्या पटांगणात उभी राहून मी बाल्कनीचं चित्र काढून दाखवलं. मला वाटलं होतं, लोक विचारतील की विक्रम म्हणजे काय आणि तो कसा मोडतो. ते कोणी विचारलं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं.

"पिक्चर कसाय पण?" एका बाईंनी विचारलं.

"वाईट आहे," मी म्हणाले.

"किती वाईट?"

"तीन तास दहा मिनिटं."

"मटार सोलले तर चालतील का तिथे बसून?"

मी तपासून सांगते म्हणाले, आणि तपासलं. मटार सोलणाऱ्यांनी वलयात फरक पडत नव्हता. झोपणाऱ्यांनी थोडा पडत होता, पण मर्यादेत. मध्यंतराला उठून गेलेला माणूस मात्र धरला जात नव्हता. तसा बोर्ड मामांनी दारावर लावला.

लोक आले. एकोणतिसाव्या आठवड्यात वॉर्ड एक ते पाच, तिसाव्यात सहा ते अकरा, एकतिसाव्यात पुन्हा पहिल्यापासून. तलाठी कार्यालय बाराच्या खेळाला रजिस्टरं घेऊन बसायचं. बँड पथकाने सगळे साडेतीनचे खेळ उचलले. पहिल्या आठवड्यात लोक पडद्याकडे बघून हसत होते, दुसऱ्यात नायकाच्या आधी त्याची वाक्यं म्हणत होते, आणि तिसऱ्यात गप्प बसून बघत होते. मी रोज विक्रमाला कान लावायची. टकटक केल्यावर येणारा आवाज हळूहळू खाली उतरत गेला, डब्याचा होता तो दाराचा झाला, दाराचा होता तो भिंतीचा.

गुरुवारी एकतिसावं वलय पूर्ण झालं. नवा विक्रम गर्डरच्या चार बोटं खाली येऊन थांबला. माझ्या गणिताप्रमाणे तो भार घेणार होता, पण एक गोष्ट उरली होती. विक्रम मोडणारा खेळ स्वतः पोकळ निघाला, तर नवा विक्रम गर्डरला टेकतच नाही. शुक्रवारी बाराला सगळ्या सीटा भरायला हव्या होत्या. बाल्कनीच्या एकशेवीसही.

मी नोटीस लिहिली. 'शुक्रवार दुपारी बाराच्या खेळास जुना विक्रम मोडेल. बाल्कनी चार बोटे खाली येईल. नवा विक्रम ती झेलेल असे गणित आहे. गणित चुकल्यास वर व खाली बसलेल्यांच्या जिवास धोका आहे. येणे ऐच्छिक.'

प्रल्हादशेठनी ती वाचली आणि पालथी घातली. "ताई, हे लावलं तर कुत्रं फिरकणार नाही. आणि बाल्कनी भरली नाही तर ती पडणारच. मग सांगून मिळवलं काय?"

"न सांगता बसवलं तर ते प्रेक्षक नाहीत, शेठ. ते वजन आहे. वजनाने वलय होत नाही."

"हे तुम्ही तपासलंय?"

"नाही."

शेठनी स्वतः उठून नोटीस चिकटवायला खळ आणली.

शुक्रवारी साडेअकरापर्यंत खालच्या बाजूच्या रांगा भरल्या, त्यातही पुढच्या आधी. बाल्कनीत एकतीस माणसं होती. बाकीचे जिन्यात उभे होते, एका पायरीवर तिघं तिघं, नोटीस पुन्हा वाचल्यासारखं करत. कोणी परत जात नव्हतं आणि कोणी वर जात नव्हतं. मी त्यांना काही म्हणाले नाही. म्हणायचं ते भिंतीवर लिहिलेलं होतं.

पावणेबाराला जुबेदामामी खोलीतून बाहेर आल्या. डोक्यावर पदर होता, हातात अडकित्ता.

"मामी, तुम्ही सामान घेऊन भाच्याकडे जाणार होतात ना?" मी म्हणाले.

"सामान गेलं," त्या म्हणाल्या. "मला एक तिकीट द्या म्हणावं ह्यांना."

यासीनमामांनी तिकीट काढलं पण फाडलं नाही. "त्रेचाळीस वर्षांत कधी वर आली नाहीस."

"वर काय बघायचं? सगळं खाली ऐकू येतं."

"मग आज कशाला?"

"ती पडली तर खाली घर जातंय माझं. मग मी कुठं बसले होते याला काय अर्थ आहे?"

जिन्यातून बँड पथकाचा मुख्य वादक म्हणाला, "मामी, जन्मात पहिला पिक्चर बघणार, तोही हा?"

"तू सरक," मामी म्हणाल्या. "अंगाने निम्मा जिना तूच अडवलायस."

लोक हसले आणि सरकले. मामी वर गेल्या, आणि त्यांना वाट करून देणारे त्यांच्या मागून चढत राहिले. बाराला पाच कमी असताना एकशेवीस सीटा भरल्या. मामांनी शेवटचं तिकीट फाडलं, दार लावलं आणि खोलीत आले. मी तिथेच, दोन विक्रमांच्या मध्ये उभी होते. मी बाहेर जायला सांगितलं तरी ते हलले नाहीत, आणि मलाही त्यांनी तसं सांगितलं नाही.

पिक्चर सुरू झाला. मामा छताकडे बघत होते.

"सीट सत्तावीस," ते म्हणाले. "ती पाय हलवतेय."

अकराव्या मिनिटाला जुना विक्रम वरून चिरला. आवाज मोठा नव्हता. चीर चोविसाव्या वलयापाशी थांबली, तिथे जरा वेळ अडून राहिली, आणि मग सरळ जमिनीपर्यंत आली. दोन्ही फळ्या भिंतींना टेकल्या. बाल्कनी चार बोटं खाली आली आणि नव्या विक्रमावर बसली. त्यातून बारीक धूळ पडली. मी त्याला तळहात लावला. तो थरथरत होता आणि हळूहळू थांबला.

वर कोणी उठलं नव्हतं. उठलं असतं तर सीट रिकामी झाली असती, आणि दारावरचा बोर्ड सगळ्यांनी तीन आठवडे वाचलेला होता. नायक एका माणसाला पुलावरून खाली फेकत असल्याचं ऐकू येत होतं.

लाडांचा फोन आला. विक्रम मोडल्याचं जाहीर करू का, असं ते विचारत होते. मी पिक्चर संपल्यावर करा म्हणाले. मध्यंतराला चहा किटल्यांतून हातोहात वर गेला आणि रिकामे कप तसेच खाली आले.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी मोजमाप केलं आणि प्रमाणपत्रावर सही केली. आधार: विक्रम, एकतीस आठवडे एक खेळ. बाल्कनी रिकामी झाली. मी आणि मामा वर गेलो, तेव्हा जुबेदामामी सत्तावीस नंबरवर बसलेल्या होत्या.

"चल," मामा म्हणाले. "सामान आणायचंय भाच्याकडून."

"तो म्हातारा नाहीये," मामी म्हणाल्या.

"कोण?"

"तोच. खोकतो तो. सात महिने ऐकतेय, मला वाटायचं म्हातारा बाप आहे कोणाचा तरी. तरुण पोरगा आहे तो. आणि शेवटी मरतो असं वाटायचं, तो मरत नाही. नुसता आडवा पडतो." त्यांनी पांढऱ्या पडद्याकडे बघितलं. "आणखी किती चुकीचं ऐकलंय मी?"

साडेतीनच्या खेळाची माणसं जिना चढायला लागली होती. मामा त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले, आणि दाराशी उभं राहायचं काम त्या खेळापुरतं मी केलं.