धबधबा नसल्याची पाटी

"या रविवारी काय वाट्टेल ते होऊ दे, मागे फिरायचं नाही," यज्ञेश्वर टिकेकरांनी चहा पिता पिता जाहीर केलं.

"बरं," सुरुचीताई म्हणाल्या. कर्वेनगरात बायकोचं असं 'बरं' म्हणजे वादाला जागा उरलेली नाही असं समजायचं.

आता सुरुचीताईंचं मागणं काय फार मोठं होतं का? एक दिवस नवऱ्याबरोबर पाण्याकाठी बसायचं आणि निवांत बोलायचं. बस्स. घरात बोलावं तर हे गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी. तोंड उघडलं की बेल वाजणार, नाहीतर फोन. बाहेर न्यावं तर गर्दीशी यांचा उभा दावा. सिंहगडाला निघाले, तर घाटाखाली गाड्यांची रांग बघूनच "ही काय माणसांनी यायची जागा आहे?" म्हणत परत फिरले. पानशेतला निघाले, तेही अर्ध्या रस्त्यातून परत. ताम्हिणीला मात्र पोचले. तिथे आडवी गाडी लावणाऱ्या एका माणसाला शिस्त शिकवण्यात दुपार गेली आणि सुरुचीताईंनी थालीपीठ गाडीतच खाल्लं.

"हे शेवटचं हं," सुरुचीताईंनी सांगून टाकलं. "यावेळी नाही जमलं तर पुढे मी योगाच्या बायकांबरोबर जात जाईन. त्या छान बस करतात. तुम्ही घरी थांबा, दुधाकडे लक्ष ठेवा."

त्या हे चिडून म्हणाल्या असत्या तर यज्ञेश्वररावांना काही वाटलं नसतं. पण त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. बायको बसमध्ये अंताक्षरी खेळतेय आणि आपण गॅससमोर उभे, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना.

मग माणूस पेटला. शनिवारी सकाळीच स्कूटर काढून ते धायरीच्या पुढे आतल्या रस्त्यांना लागले आणि विचारत विचारत बजरंग नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात पोचले. शेताच्या टोकाला ओढा होता, आणि ओढ्याला चांगला दोन पुरुष उंचीचा धबधबा.

"या की उद्या वैनीस्नी घिऊन," बजरंग म्हणाला. "हितं कुनी येत न्हाय. म्हशी येत्यात, पन त्या बी दुपारच्याला."

यज्ञेश्वररावांना म्हशी चालणार होत्या. म्हशी गाडी आडवी लावत नाहीत.

पण परत येताना फाट्यावर बाइकवरच्या दोन पोरांनी त्यांना अडवलं. "अंकल, इकडे आत वॉटरफॉल आहे ना?"

"नाही!" यज्ञेश्वरराव असे काही ओरडले की पोरांनी एकमेकांकडे बघितलं. ती गेली खरी, पण उद्या दुसरी येणार. आज दोघं, उद्या दोनशे! काहीतरी बंदोबस्त करायलाच हवा होता. आणि बंदोबस्त म्हटलं की टिकेकरांना एकच उपाय ठाऊक. सोसायटीत लिफ्टजवळ, पार्किंगमध्ये, गच्चीच्या दारावर, जिथे म्हणून भिंत आहे तिथे त्यांच्या हातची पाटी होती. त्यांनी माळ्यावरचा प्लायवूड काढला, काळा रंग काढला आणि जेवायच्या टेबलावर पाटी रंगवायला घेतली:

'येथे धबधबा नाही. मोबाइलमध्ये दिसत असल्यास मोबाइलमध्येच बघावा. गावकऱ्यांना विचारून त्यांचा वेळ दवडू नये. स्वतःच्या वेळेला किंमत नसल्यास घरी बसून तो वाया घालवावा. हुकुमावरून.'

सुरुचीताईंनी वाचलं. "कोणाच्या हुकुमावरून?"

"ते लिहायचं नसतं."

"अहो, पण जे नाहीच ते नाही म्हणून सांगायला पाटी कशाला लागते? आपल्या चौकात 'येथे समुद्र नाही' असं लिहिलंय का कुठे?"

"तुला पाट्यांतलं कळत नाही," टिकेकर म्हणाले आणि संध्याकाळी फाट्यावर जाऊन पाटी ठोकून आले.

रविवारी गाडी फाट्याजवळ आली आणि थांबली. कारण पुढची थांबली होती. तिच्या पुढचीही थांबली होती. यज्ञेश्वरराव उतरून पुढे गेले आणि बघतात तर काय, पाटीभोवती ही जत्रा! कोणी पाटीशेजारी हात जोडून उभं राहतंय, कोणी कपाळाला हात लावून फोटो काढून घेतंय. कांताबाई नावाच्या बाईंनी शेगडी पेटवून कणसं भाजायला घेतली होती. बजरंग शिट्टी वाजवत गाड्या आपल्या पडीक तुकड्यात वळवत होता.

"अंकल, प्लीज थोडं साइडला," गॉगल लावलेली एक मुलगी म्हणाली. "पाटी झाकली जातेय."

"त्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचता येतं का तुम्हाला?"

"येतं ना! म्हणून तर आलो. कालपासून सगळ्या ग्रुप्सवर फिरतेय. एकदम प्युअर पुणेरी!"

एवढ्यात कणीस खात खात उत्तरेश्वर कुलकर्णी पुढे आले. हे सोसायटीचे अध्यक्ष आणि टिकेकरांचे कायमचे विरोधक. "अरे वा, सेक्रेटरीसाहेब! तुम्हीसुद्धा? कोणीतरी लिहिलंय मात्र झकास. शेवट जरा ताणलाय, पण चालायचंच, हौशी माणूस दिसतोय."

ताणलाय! हौशी! टिकेकरांच्या मस्तकात गेली. पण बोलणार कसं? बोलले असते तर ही सगळी जत्रा आपणच भरवली हे कबूल करावं लागलं असतं. त्यांनी तरातरा जाऊन पाटी दोन्ही हातांनी धरली आणि उपटायला लागले.

"ओ काका! काय करताय?" चारही बाजूंनी गलका झाला. "हात नका लावू! वाचता येत नाही का? हुकुमावरून लिहिलंय!"

एका आजोबांनी तर त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं आणि नागरिकांच्या कर्तव्यांवर चार शब्द सुनावले. नेमके तेच चार शब्द टिकेकर आयुष्यभर दुसऱ्यांना सुनावत आले होते. ते तोंड पाडून गाडीकडे आले.

"चल. परत जाऊ. या शहराचं काही होणार नाही."

"मागे फिरायचं नव्हतं ना?" सुरुचीताई डबा हातात घेऊन कधीच खाली उतरल्या होत्या. "आणि जरा डोळे उघडून बघा. सगळे फोटो काढून इथूनच वळतायत. पुढे कोणी गेलंय का?"

खरंच, कोणी गेलं नव्हतं. यज्ञेश्वररावांनी गॉगलवाल्या मुलीला हळूच विचारलं, "पुढे नाही जाणार?"

"पुढे काय आहे? लिहिलंय ना, काही नाहीये म्हणून."

गाडी बजरंगच्या ताब्यात देऊन दोघं बांधाबांधाने पायी निघाली. ओढ्यावर चिटपाखरू नव्हतं. पाणी शुभ्र कोसळत होतं. दोघं खडकावर बसली, पाय पाण्यात सोडले. यज्ञेश्वररावांची छाती फुगली. जिंकलो! झाली की नाही मनासारखी जागा?

"बोला," सुरुचीताई प्रेमाने म्हणाल्या.

यज्ञेश्वररावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे बोलायला काहीही नाही. गाड्या नव्हत्या, त्यामुळे आडवी लावलेली गाडीही नव्हती. माणसंच नव्हती, त्यामुळे बेशिस्त नव्हती. इतकी वर्षं आपण बायकोशी दुसरं काही बोललोच नाही की काय?

"पाणी गार आहे," ते म्हणाले.

"हो."

बराच वेळ गेला. "चांगलंच गार आहे," ते म्हणाले.

सुरुचीताईंनी नुसतीच मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कमी कमी व्हायला लागलं. ते बघून यज्ञेश्वरराव आणखी घाबरले आणि आणखी गप्प झाले. योगाच्या बायकांची बस त्यांना स्पष्ट दिसायला लागली.

तेवढ्यात वरून आवाज आला. "टिकेकर! अहो, तुम्ही चालत गेलात कुठे म्हणून बघायला आलो!" उत्तरेश्वर कुलकर्णी, मागे त्यांची बायको, मागे सासूबाई, आणि हातात मोठ्याने गाणी लावलेला स्पीकर. कुलकर्णी बुटांसकट पाण्यात उतरले.

"बघितलंस?" यज्ञेश्वरराव ताडकन ताठ झाले. चेहऱ्यावर तेज आलं. "बूट! बूट घालून! आणि तो स्पीकर कशाला? इथे काय वरात आहे? सुरुची, तुला सांगतो, या माणसाने मागच्या सभेतसुद्धा असाच..." आणि ते धबधब्याच्या वरताण आवाज काढून, हातवारे करत बोलत सुटले. मागची सभा झाली, कुलकर्ण्यांची पार्किंगची रेष झाली, मग कुलकर्ण्यांचं लग्न झालं तेव्हा पंगतीत काय झालं होतं तेही झालं. सुरुचीताई खळखळून हसत होत्या. असं हसून त्यांना किती दिवस झाले होते!

त्यांनी सतरंजी पसरली, डबा उघडला आणि हात वर करून हाक मारली, "या हो, कुलकर्णी वहिनी! आजींनाही आणा. इथे भरपूर जागा आहे."

"अगं, अगं!" यज्ञेश्वरराव हबकले. "त्यांना कशाला बोलावतेस? शांतपणे बोलायचं होतं ना तुला?"

"त्याचीच तर सोय करतेय," सुरुचीताईंनी त्यांच्या हातावर थालीपीठ ठेवलं. "आणि हे बघा, पुढच्या रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर जायचं. अगदी संध्याकाळचे निघू, म्हणजे छान गर्दी लागेल."