दोन विषयांची एकनिष्ठ आवड

उच्च शिक्षण निष्ठेच्या पायावर उभे असते. अर्जदाराची एकाच विषयावर अढळ निष्ठा असावी, अशी सर्व विद्यापीठांची अपेक्षा असते. ज्याची दोन विषयांवर अढळ निष्ठा आहे त्याने काय करावे, याबद्दल नियमावली गप्प आहे. त्या गप्पपणाचा गैरफायदा घेणारा मी पहिला नसेन. पण इतक्या मनापासून घेणारा बहुधा पहिलाच.

मी विमा कंपनीच्या दावे विभागात आठ वर्षे होतो. लोकांचे दावे नम्रपणे नाकारणे, हे माझे काम. पाणी शिरून फुगलेला दरवाजा, जिन्यावरून घसरलेला जावई (जावई पॉलिसीत धरलेला नसतो), चोरीला जाऊन पुढे स्वतःच्याच माळ्यावर सापडलेले शिलाई मशीन, या सर्वांसाठी माझ्याकडे एकच पत्र तयार असे: ‘आम्हाला आपल्याविषयी पूर्ण सहानुभूती आहे, तथापि’. विभागात माझा ‘तथापि’ नावाजलेला होता. साहेब नव्या मंडळींना तो नमुना म्हणून दाखवत. माझ्या वाढदिवसाला सहकाऱ्यांनी केक आणला, त्यावरही क्रीमने ‘तथापि’ लिहिले होते. सगळे हसले, मीही हसलो, आणि केक कापताना ठरवले की पुन्हा शिकायला जायचे.

काय शिकायचे, हा दुय्यम प्रश्न होता. मी दोन विषय निवडले: मत्स्यविज्ञान आणि तत्त्वज्ञान. या दोन्हींना जोडणारा खोल धागा कोणता, असे पुढे अनेकांनी विचारले. दोन्हींची अंतिम तारीख एकच होती.

“एकात मासे,” आई म्हणाली. “आणि दुसऱ्यात काय?”

“माणूस का जगतो, ते.”

“मग माशांचं बघ. निदान काहीतरी हाताला लागेल.” एवढे बोलून ती कुकरकडे वळली आणि कुकरला उद्देशून म्हणाली, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” मी हे प्रोत्साहन समजलो.

अर्जासोबत एक उद्देशपत्र जोडावे लागते. त्यात आपली आवड लहानपणापासूनची असल्याचे कळवायचे असते, कारण अर्जांच्या जगात पंचविशीनंतर कुणालाही काहीही आवडू लागत नाही. (माझ्या अंदाजाने शंभरातले चौऱ्याण्णव अर्जदार ‘लहानपणापासून’ या शब्दाने सुरुवात करतात, उरलेले सहा ‘अगदी लहानपणापासून’ असे लिहितात.) मत्स्यविज्ञानाच्या पत्रात मी सहाव्या वर्षी काचेच्या भांड्यातल्या माशाकडे तासन्‌तास बघत असे. तत्त्वज्ञानाच्या पत्रात त्याच वर्षी, त्याच भांड्यासमोर बसून, माशाला मी दिसत असेन का, या विचाराने मी व्याकूळ होत असे. प्रत्यक्षात आमच्या घरी मासा नव्हता. भांडे होते. त्यात आई मीठ ठेवायची.

मग शिफारशी. कॉलेजात मला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आता निवृत्त होऊन त्या गच्चीवर कुंड्यांमध्ये रमल्या होत्या. मी दोन शिफारशी मागताच त्यांनी मातीचे हात झटकले.

“दोन्हीकडे एकच पाठवते.”

“बाई, विषय अगदी वेगळे आहेत.”

“विषय वेगळे आहेत रे. तू दोन्हीकडे सारखाच आहेस.”

ही प्रशंसा आहे की नाही, हे मी त्यांना विचारले नाही. शिफारस मिळेपर्यंत असले प्रश्न विचारू नयेत.

दोन्हीकडून मुलाखतीचे बोलावणे आले. तत्त्वज्ञानवाले तिघे होते. सत्य म्हणजे काय, यावर त्यांनी माझ्याशी बराच वेळ चर्चा केली. सत्य ही फार गुंतागुंतीची गोष्ट आहे, यावर आमचे चौघांचे एकमत झाले. मग विभागप्रमुखांनी सहज विचारले, “आणखी कुठे अर्ज केलाय?” मी म्हणालो, “नाही.” यात गुंतागुंत मुळीच नव्हती.

मत्स्यविज्ञानाची मुलाखत प्रयोगशाळेत झाली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या असलेल्या एका वयस्कर सरांनी माझ्यासमोर ट्रे सरकवला.

“हे काय आहे?”

मी ट्रेत पाहिले. लहानपणापासूनची माझी सगळी आवड पणाला लागली होती.

“मासा,” मी म्हणालो.

सरांनी पुन्हा एकदा ट्रेत पाहिले. मग सर शेजारी बसलेल्या परीक्षकाला म्हणाले, “चुकलेला नाही.” आणि त्यांनी तो मासा उचलून माझ्या हातात दिला. थंड, जड, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी निसरडा. पोटाखाली एक पुसट निळी रेघ होती. निघताना त्यांनीही विचारले, आणखी कुठे अर्ज? मी पुन्हा नाही म्हणालो. एव्हाना मला सवय झाली होती.

दोन्हीकडे माझी निवड झाली.

इथून खरी विपत्ती सुरू झाली. नकार आला असता तर मला तो वाचता आला असता. त्या शास्त्रात माझा हात धरणारा कुणी नव्हता. दोन होकारांचे काय करायचे, याचे प्रशिक्षण कंपनीने दिले नव्हते. मी दोन्हीकडे मुदतवाढ मागितली. मत्स्यविज्ञानाच्या कार्यालयाने सांगितले, शुक्रवार. तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख स्वतः फोनवर आले. “निर्णय ही घाईने करायची गोष्ट नाही,” ते म्हणाले. “आयुष्यभर विचार करा. शुक्रवारी पाचपर्यंत कळवा.”

त्या आठवड्यात मी दोन रकान्यांत फायदे-तोटे लिहिले, गुण दिले, बेरीज केली. तत्त्वज्ञान जिंकले तेव्हा मी माशांचे गुण वाढवले. मासे जिंकले तेव्हा पद्धतीतच दोष आढळला. चार जणांचा सल्ला घेतला. ज्यांनी स्पष्ट सल्ला दिला त्यांच्याकडे पुन्हा गेलो नाही. घरात मी इतका महत्त्वाचा चेहरा करून फिरत होतो, की आईने विचारले, “पोट साफ नाही का?”

शुक्रवारी दुपारी मी ताईच्या दवाखान्यात गेलो. ताई फिजिओथेरपिस्ट आहे. एका आजोबांचा गुडघा वाकवत तिने माझी पूर्ण कैफियत ऐकली. मध्येच आजोबा कण्हले, तेव्हा मला वाटले ते माझ्यासाठीच.

“मी एकाच ठिकाणी अर्ज केला होता,” ताई म्हणाली. “आठवतंय? बारावीनंतर.”

मला आठवत नव्हते. तरी मी होकारार्थी मान हलवली.

“नंबर नाही लागला. रडले, जेवले, दुसरं काय मिळतंय ते बघायला गेले. कुणी मुदतवाढ दिली नाही आणि मागायचीही कुणाकडे? तुला एकाला नाही म्हणायचंय, एवढंच. आणि तू आठवडाभर घर डोक्यावर घेतलंयस.”

मी आजोबांच्या गुडघ्याकडे पाहू लागलो. आजोबा कण्हायचे थांबले होते.

“बरं, मुलाखतीवरून घरी आल्यावर काय केलंस?” तिने विचारले.

“कुठल्या?”

“दोन्ही.”

“तत्त्वज्ञानानंतर सगळ्यांना फोन करून सांगितलं, किती छान झाली ते.”

“आणि मासे?”

“हात धुतले. मग त्या माशाचं नाव शोधत बसलो. पोटाखाली निळी रेघ असते त्याच्या. सापडेपर्यंत जेवलो नाही.”

“कुणी सांगितलं होतं शोधायला?”

“कुणी नाही.”

“मग झालं की,” ताई म्हणाली आणि दुसरा गुडघा हातात घेतला.

मी बाहेरच्या बाकावर बसून तत्त्वज्ञानाला फोन केला. सुरुवात ‘आम्हाला आपल्याविषयी पूर्ण सहानुभूती आहे’ अशी झाली, पण पुढे ‘तथापि’ काही केल्या तोंडातून येईना. शेवटी नुसते “नाही जमणार” म्हणालो. विभागप्रमुखांनी कारणही विचारले नाही. प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलीला लगेच कळवतो, म्हणाले. तिने आणखी कुठे अर्ज केलेला नाही, असेही ते म्हणाले. हे त्यांना कसे कळले, ते मला माहीत आहे.

आता मी मत्स्यविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहे. कल्ले कापताना माझी कात्री मध्येच थांबते. “तो मेलाय, आता तुला काही म्हणणार नाही,” असे म्हणत सर मागून मनगट धरतात. पहिल्या परीक्षेत माझा क्रमांक बरोबर मधोमध आला. कपड्यांना वास येतो म्हणून आई ते वेगळे धुते. कधी कधी, हे अगदी खासगीत सांगतो, मी संध्याकाळपर्यंत घड्याळ पाहिलेले नसते.

तत्त्वज्ञानात मात्र मी आजही पहिला आहे. तिथली एकही परीक्षा मला अवघड गेलेली नाही. तिथले प्राध्यापक माझ्या निबंधांनी थक्क होतात, आणि मधोमध क्रमांकाची गुणपत्रिका येते त्या दिवशी तर विशेष थक्क होतात. पाहुण्यांना मी हे सांगतो. त्यांना ते खरे वाटते, कारण खोटे ठरवायला कुणाकडेच काही नसते.

आपण हसलात, हे बरे झाले. पण ज्या विषयाला आपण गेला नाहीत, जी नोकरी घेतली नाहीत, ज्या माणसाला नाही म्हणालात, तिथे आपलाही दरवर्षी पहिलाच नंबर येतो, याची मला कल्पना आहे. तिथल्या पहिल्या बाकावर मी आधीपासून बसलेलो आहे. या, मी जरा सरकतो.