कॉन टूहीच्या मयतीला तोबा गर्दी

मयतीला गर्दी जमवण्यात माझा हात धरणारा माणूस आयर्लंडच्या अख्ख्या क्लेअर जिल्ह्यात सापडायचा नाही! आमचं दुकानच तसं आहे. पुढच्या दाराने बार, मागच्या दाराने शवपेट्या. गिऱ्हाईक एकदा आमच्याकडे आलं की शेवटपर्यंत आमचंच! तीन पिढ्यांचा धंदा आहे, पण आम्ही कॉन्सिडाइनांनी काढलेली मयत रिकाम्या रस्त्याने गेली असं कोणी दाखवून द्यावं.

त्यामुळे आमच्या बॅलीगॉर्टीनमध्ये सिनेमावाले आले आणि त्यांची दिग्दर्शिका ग्वेनबाई माझ्या बारमध्ये डोकं धरून बसली, तेव्हा मी छाती फुगवून पुढे झालो. सिनेमा मोठा गोड होता हो! न्यूयॉर्कची पोरगी आजोबांच्या मयतीला गावी येते, चिखलात घसरते, मेंढरं राखणारा तरुण तिला सावरतो, आणि मग काय, जमतं! मला तर गोष्ट ऐकूनच गहिवरून आलं.

"पण मयतीला माणसं कुठून आणू?" बाई म्हणाली. "दोनशे तरी हवीत. रविवारी चित्रण उरकलं नाही तर नायिका सोमवारी विमानात बसणार."

"बाई," मी म्हणालो, "दोनशे? पाच मिनिटांचं काम! माझ्यावर सोडा!"

खरं सांगायचं तर हे मी बाईला सांगतच नव्हतो. कोपऱ्यातल्या टेबलाशी डिम्फना हेहिर चहा पीत बसली होती, तिला ऐकू जावं म्हणून सांगत होतो. पंचक्रोशीत कोणीही जावो, मयतीचे सँडविच डिम्फनाच करते. गेली नऊ वर्षं मी प्रत्येक मयतीला तिच्या टेबलाशेजारी उभा राहून हॅमचं सँडविच चघळतो आणि मनाशी म्हणतो, मॅलकी, आज विचारच! तेवढ्यात मयताच्या घरचं कोणीतरी हाक मारतं आणि माझा घास तसाच राहतो. या वेळी मात्र पक्कं ठरवलं. उंच हॅट घालून मी शववाहिकेपुढे चालणार, मागे दोनशे माणसं, समोर कॅमेरा. डिम्फना ते बघणार, आणि मी विचारणार. तिने नाही म्हटलं असतं तर एकटाच आमच्या त्या घरात, खालच्या शवपेट्यांच्या वर झोपत, म्हातारा झालो असतो!

शनिवारी सकाळी मी गावात माणसं सांगायला निघालो. पहिल्याच दारात पॅकी लिलिस भेटला.

"उद्या? वेड लागलंय का तुला? उद्या जिल्ह्याचा हर्लिंगचा अंतिम सामना आहे! आपला संघ आहे!"

सिनेमाच्या नादात मी सामनाच विसरलो होतो! काठी-चेंडूच्या या खेळात बापाच्या तरुणपणानंतर पहिल्यांदा आपला संघ तिथवर पोचलेला. फादर टिमनीसुद्धा बसमध्ये पुढची जागा धरून बसणार होते. गावात उरणार होती फक्त मेंढरं.

आता? मी जिल्ह्याच्या रेडिओ केंद्राला फोन लावला. आमच्याकडे लोक रेडिओ गाण्यांसाठी लावत नाहीत, कोण गेलं ते ऐकायला लावतात. मी सांगितलं, "लिहून घ्या. कॉर्नेलियस टूही, मूळचे बॅलीगॉर्टीनचे, हल्ली बॉस्टन. अल्पशा आजाराने. दफन रविवारी दुपारी." नाव सिनेमातल्याच आजोबांचं दिलं. स्वतःच्या मनाचं खोटं मी एक अक्षर बोललो नाही!

रविवारी दुपारी पार चौकापर्यंत दोन्ही बाजूंनी गाड्याच गाड्या! दोनशे काय घेऊन बसलात, तीनशेच्या वर डोकी असतील. काळे कोट, चकाकते बूट, डोळ्यांत पाणी. ग्वेनबाईने माझे दोन्ही हात धरले. "मॅलकी, इतके अस्सल कलाकार कुठून पैदा केलेस?"

"असतात आमच्याकडे," मी हॅट सारखी करत म्हणालो.

लोक रांगेने नायिकेचा हात हातात घेत पुढे सरकत होते. "फार वाईट झालं हो, पोरी." कॅमेऱ्याचं कोणाला नवल नव्हतं. अमेरिकेचे नातेवाईक, काढत असतील घरच्यांना दाखवायला! मागे कुजबूज चालू होती.

"लाखात एक माणूस हो कॉन!"

"तुम्ही ओळखत होता?"

"ओळखत होतो म्हणजे? त्याच्याबरोबर गवत कापलंय मी! हाताला काय वेग होता!"

हा शेजारच्या गावचा म्हातारा थॅडी क्लून. त्याच्या बायकोने, होनोराने, मान डोलावली. "आणि आवाज काय गोड! नाताळात गायला लागला की गाई दूध द्यायचं थांबवून ऐकायच्या."

एवढ्यात बाई ओरडली, "कट! पुन्हा एकदा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जागच्या जागी थाप ठोकली. "बॉस्टनवाल्यांची पद्धत आहे. हस्तांदोलन दोनदा करतात."

एका शब्दाने कुरकुर न करता सगळी रांग पुन्हा मागे गेली! आणि तिसऱ्यांदाही! "फारच मोठं दुःख दिसतंय बाबा यांचं," थॅडी म्हणाला, आणि तिसऱ्या वेळी जास्त रडला.

मग चौघा तगड्या गड्यांनी शवपेटी खांद्यावर घेतली. ती उचलताच त्यांचे चेहरे पडले. "पार झिजला होता हो बिचारा," एक जण पुटपुटला. कबरीशी पोचलो. नायिका ठरल्याप्रमाणे घसरली, नायकाने ठरल्याप्रमाणे सावरलं, आणि ठरल्याप्रमाणे तिचं चुंबन घेतलं.

"अरे मेल्या!" होनोरा क्लून पर्स उगारून धावली. "आजोबा अजून खाली गेले नाहीत आणि इथे काय चाळे लावलेत?" एक फटका, दोन फटके, नायकाची टोपी चिखलात!

"थांबू नका, चालू ठेवा कॅमेरा!" ग्वेनबाई आनंदाने किंचाळली.

आणि तेव्हाच कबरस्तानाच्या फाटकात मला डिम्फना दिसली. दोन्ही हातांत सँडविचची ताटं. तिचा सख्खा भाचा संघात होता, तरी सामना सोडून ती थांबली होती. तिला वाटलं, खरीच मयत आली म्हणून सिनेमावाल्यांनी आपली पुढे ढकलली. पण आता तिने कॅमेरा पाहिला, नायकाच्या गालाला पुन्हा रंग लावणारी पोरगी पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅलकी, पेटीत कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. हॅटमधला माझा आवाज पार बुटात गेला होता.

"सांग त्यांना."

"डिम्फना, अगं, ही माणसं मला जिवंत पुरतील!"

"खड्डा तयारच आहे. सांग."

मी कबरस्तानाच्या भिंतीवर चढलो. "मंडळी, माफ करा! कॉन टूही नावाचा माणूस कधी नव्हताच! हा सिनेमा आहे! गर्दीसाठी मी रेडिओवर खोटं सांगितलं!"

मग थॅडी क्लून सावकाश पुढे आला आणि त्याने माझ्या बुटावर हात ठेवला.

"खाली ये बाळा," तो म्हणाला. "दुःखाने असं होतं माणसाचं. नव्हता कसा? मी त्याच्याबरोबर गवत कापलंय."

"त्याला कोणीतरी गोड चहा द्या," होनोरा म्हणाली.

एकानेही विश्वास ठेवला नाही! उलट "बघा, किती जीव होता याचा कॉनवर!" म्हणून मलाच रांगेने भेटू लागले. सिनेमातल्या पाद्र्याला प्रार्थना पाठ नव्हती. तो अडखळला, तर लोकांनीच ती पुढे उचलली. तीनशे गळ्यांचा एक आवाज झाला, नायकाने चिखलातली टोपी उचलून छातीशी धरली, नायिका खरंच रडायला लागली. एवढ्यात जिंकलेला संघ कप घेऊन आला. गाड्या बघून बसने हॉर्न बंद केला आणि घामाने भिजलेली पोरं गुपचूप रांगेत उभी राहिली. कोण गेलं हे विचारायलाही कोणी थांबलं नाही. माझ्या माणसांचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची इतकी लाज!

विचारायचं मी सोडूनच दिलं. डिम्फनाने एक ताट माझ्या हातात कोंबलं. "वाढ!" मी वाढत सुटलो. शेवटचं सँडविच संपल्यावर ती ॲप्रनला हात पुसत म्हणाली, "महिना झाल्यावरच्या प्रार्थनेला किती माणसं धरायची?"

"कोणाच्या?"

"कॉनच्या! एवढं सगळं करून त्याला वाऱ्यावर सोडणार आहेस? आणि त्या दिवशी टेबलाशेजारी उभा राहू नकोस. माझ्या शेजारी, बाकावर बस. नऊ वर्षं वाट बघतेय मी, आता माझे पाय दुखतात."

सिनेमा छान चालला. पेपरवाल्याने मात्र लिहिलं की प्रेमकथा पटते, पण मयतीचा प्रसंग भलताच अतिरंजित आहे, आयरिश खेडं कधी न पाहिलेल्या माणसाने लिहिलेला दिसतो.

आमचं लग्न पुढच्या वसंतात झालं. जेवणानंतर थॅडी क्लून ग्लास घेऊन उभा राहिला. "आज कॉन असायला हवा होता!" सगळ्या मांडवाने डोळे पुसले.

आता तुम्हाला काय सांगायचं... मीही पुसले.