'द'चा रविवार

लहान मुलांना अक्षरांचे आवाज शिकवणं म्हणजे पोहे करण्याइतकं सोपं, असं अल्पनाचं ठाम मत होतं. देवासच्या मराठी मंडळाच्या सभागृहात तिची आई, सुमंगलाबाई, दर रविवारी हेच तर करायची!

आई चैत्रात गेली. वर्ग अल्पनाकडे आला, आणि आईची कापडी पिशवीही. तिच्यात एकेका आवाजाच्या वस्तू होत्या. मुलांनी वस्तू हातात घ्यायची, मग तिचा आवाज तोंडात घ्यायचा. अल्पनानं पिशवी कपाटावर ठेवली. गाठ आईनं मारलेली होती. ती सोडायची काही गरज नाही, असं तिनं स्वतःला बरेचदा सांगितलं.

"वस्तू मुलंच आणतील," तिनं नवऱ्याला, अर्पितला, जाहीर केलं.

"या रविवारी काकासाहेब बघायला येणार ना?"

काकासाहेब म्हणजे शिवाजीराव, मंडळाचे अध्यक्ष. रविवारची सकाळ झुंबावाल्यांनी मागितली होती. वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, ते शिवाजीराव पाहून ठरवणार होते.

"येऊ देत की! 'द' आहे. दगड, दोरा, दिवा. 'द'ला भलतं काय असणार?"

फक्त एक काळजी तिनं घेतली. मागच्या खेपेला 'क' होता, तेव्हा सगळ्या आयांनी एकाच दुकानातून थर्मोकोलचं कमळ आणून दिलं होतं. म्हणून या वेळी तिनं मुलांना बजावलं, "घरात कुणाला विचारायचं नाही. द, द म्हणत घरभर फिरायचं आणि सापडेल ते आणायचं!"

मुलं आज्ञाधारक निघाली. घात झाला तो तिथंच.

रविवारी सगळ्यात आधी चिऊ आली. तिनं दादा आणला होता. दादा बनियनवर होता आणि त्याच्या तोंडात ब्रश होता.

"ताई, झोपेतून उठवून आणलं हिनं! अब मैं यहाँ करूँ क्या?"

"आवाज बरोबर आहे," अल्पना म्हणाली. "उभा राहा जरा."

हर्षितनं टेबलावर एक बाटली ठेवली. "दारू. पप्पांची. गव्हाच्या कोठीमागे थी."

त्याची आई जया पाहुण्यांसाठी पोह्यांचा डबा घेऊन दारातच उभी होती. "कशामागे?" तिनं फार शांतपणे विचारलं आणि फोन लावला. "धीरज, इकडे या. नाही, चहा पिऊन नाही. आत्ता!"

मग ऋतिकानं ओच्यातून देव काढले. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, हळदकुंकवासकट! खंडोबा, भवानी, झाडून सगळे. अल्पनाला घाम फुटला, कारण आज ऋतिकाच्या घरी कुळधर्म होता. तेवढ्यात सोवळ्यातल्या नर्मदाबाई, म्हणजे ऋतिकाची आजी, पूजेची घंटा हातात घेऊन ओलेत्यानं आत आल्या.

"माझा खंडोबा कुठंय?"

"आजी, मी 'द' आणला," ऋतिका म्हणाली.

"शिवू नका मला कुणी! देव इथवर आले ना, आता पूजा इथंच होईल. घरी पुरण शिजतंय, गॅस बंद करायला सांगा कुणी तरी." त्या टेबलासमोर मांडी घालून बसल्या, आणि मग त्यांची नजर वर गेली. "खंडोबाशेजारी ही बाटली कुणाची?"

धीरज नेमका तेव्हाच धापा टाकत पोचला होता. "दवा है, काकी! खोकल्याची!"

आवाज तोही बरोबर होता. अल्पनाला मान्य करावं लागलं.

"घरी चला," जया म्हणाली, "देते तुम्हाला दवा."

आणि या मुहूर्तावर शिवाजीराव आले. तोंडावर रुमाल होता. दारात थांबून त्यांनी टेबलावरचे देव पाहिले, बाटली पाहिली, बनियन पाहिलं. मग रुमाल काढला आणि हात उंचावून निकाल दिला.

"वर्ग बं..."

पुढचं अक्षर निघेना. नुसता वारा बाहेर आला. त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा वारा.

चिऊला राहवलं नाही. "आजोबा, असं नाही! जीभ दाताला लावा! सुमंगलाआजी सांगायची ना!"

"कैसे लगाएँगे?" त्यांचा नातू रणवीर म्हणाला आणि त्यानं आपला टिफिन उघडला. "दात तो मैं लाया हूँ."

आत पाण्यात आजोबांची कवळी होती.

नर्मदाबाईंची घंटा हातातच थांबली. शिवाजीरावांनी शांतपणे टिफिन घेतला, भिंतीकडे तोंड केलं, आणि वळले ते दातांसकट.

"द," ते म्हणाले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिवाजीरावांनी त्या होऊ दिल्या. निकाल पुरा करायचा त्यांना बहुधा विसर पडला असावा.

"अल्पना, सुमंगलाबाईंची पिशवी कुठं आहे?"

"घरी. कपाटावर."

"उघडली नाहीस."

अल्पनानं बाटली खंडोबापासून जरा लांब सरकवली.

"तिच्यात माझी जुनी कवळी आहे. जीभ कुठं लागते ते मुलांना दाखवायला त्यांनी मागून घेतली होती. पुढच्या रविवारी ती आण. ही मला जेवायला लागते."

दुपारी अर्पितनं स्टूल धरलं आणि अल्पनानं पिशवी खाली काढली. गाठ सुटायला वेळ लागला. तिनं कात्री घेतली नाही. अर्पितनंही सुचवली नाही.

पिशवीत सगळ्यात वर, आईच्या धुतलेल्या रुमालात, शिवाजीरावांची कवळी होती. ती तिच्याकडे बघून हसत होती.